नफा कोणामुळे झाला? संचालक मंडळ, सीईओ आणि गोव्याचं खनिज

नमस्कार मंडळी.

2000 नंतरच्या दशकातली मांडवी आठवते? खनिजाने भरलेल्या बार्जेस एकामागून एक मुरगाव बंदराकडे निघालेल्या असायच्या. आपलं खनिज तसं कमी प्रतीचं, त्यात लोहाचं प्रमाण कमी. पण चीनमधल्या पोलाद कारखान्यांची मागणी एवढी वाढली की त्या मालालाही भाव आला. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, सगळीकडच्या खाण कंपन्यांना चांगले दिवस आले. मग सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बंद केलं, आणि सगळं ठप्प झालं.

आता मला सांगा, तेजीतला नफा कंपनीच्या सीईओने कमावला होता का? आणि बंदीनंतरचा तोटा त्याने केला का?

आजचा विषय हाच आहे. कंपनी चांगली चालते किंवा बुडते, त्यात सीईओचा वाटा किती आणि संचालक मंडळाचा किती. शेअर घेणाऱ्या, बँकेत ठेव ठेवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचा याच्याशी संबंध आहे.

आधी दोघांची कामं वेगळी करूया. आपल्याकडे देवस्थानाची समिती असते: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार. महाजन, म्हणजे देवस्थानाचे सभासद, त्यांना निवडतात. रोजची पूजा भटजी करतात, समिती करत नाही. पण जमिनीचं काय करायचं, पैसा कुठे खर्च करायचा, हिशेब बरोबर आहे की नाही, हे समितीने बघायचं. कंपनीत भागधारक संचालक निवडतात, आणि रोजचा कारभार सीईओ किंवा एमडी बघतो.

आता खनिजाच्या भावाकडे या. भाव चीनच्या मागणीने ठरला, कुठल्या सीईओने नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेल कंपन्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, एकट्या कंपनीच्या हातात तो नसतो. तरीही भाव चढला की त्या कंपन्यांच्या सीईओंचा मोबदलाही चढत होता. म्हणजे नशिबाचे पैसे कर्तृत्वाच्या नावावर मिळत होते. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: ज्या मंडळावर मोठा भागधारक स्वतः बसलेला असतो, तिथे हा प्रकार कमी होतो. ज्याचा स्वतःचा पैसा अडकलेला आहे, तो विचारतो की यात तुझं काय.

मला वाटतं, मंडळाचं सगळ्यात अवघड काम हेच आहे. नशीब आणि कर्तृत्व वेगळं करायचं, आणि तेही सगळे खूश असताना.

खाणींचंच बघा. भाव चढला हे नशीब. पण आपल्या खाणपट्ट्याची, म्हणजे खाणीसाठी मिळालेल्या लीजची, मुदत आहे का, हा प्रश्न नशिबाचा नव्हता. एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्यातले हे पट्टे 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपले होते आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदा होतं. म्हणजे तेजी जोरात असताना पायाखालची कायदेशीर जमीनच नव्हती. ट्रक, बार्ज, गॅरेज, हॉटेलं, त्या भागातल्या किती घरांचं पोट त्यावर होतं! एवढी मोठी जोखीम मंडळाच्या बैठकीत पहिल्या क्रमांकाचा विषय असायला हवी. महिन्याची निर्यात किती झाली, हा त्यानंतरचा विषय.

मग सीईओला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि भरपूर आहे. डेन्मार्कमधल्या हजारो कंपन्यांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता: जुना प्रमुख गेल्यावर घरचा माणूस बसवला तर काय होतं आणि बाहेरचा बसवला तर काय. नुसती तुलना करून उत्तर मिळत नाही, कारण ज्या घराण्यांत वारसाकडे धंदा जातो, त्या कंपन्या मुळातच वेगळ्या असू शकतात. म्हणून संशोधकांनी बघितलं की मालकाचं पहिलं अपत्य मुलगा आहे की मुलगी. पहिला मुलगा असेल तर खुर्ची घरातच राहण्याची शक्यता जास्त, आणि पहिलं मूल मुलगा होणं तर कोणाच्याच हातात नसतं. निष्कर्ष असा निघाला की घरच्या वारसामुळे मालमत्तेवरचा परतावा किमान 4 टक्के बिंदूंनी घसरतो. म्हणजे समजा 10 टक्के असेल, तर तो 6 वर येतो. हा फार मोठा खड्डा आहे.

गोव्यात हे ऐकायला जड जातं, मला कल्पना आहे. आपले बहुतेक उद्योग घराण्यांचे आहेत आणि त्यांतल्या कितींनी पिढ्यान्‌पिढ्या माणसं सांभाळली, शाळा-कॉलेजं उभी केली. घरची मुलगी किंवा मुलगा लायक असू शकतो, नक्कीच. फक्त ती लायकी घराबाहेरच्या कोणीतरी तपासलेली असावी. तो तपासणारा म्हणजे मंडळ.

आता सत्यम, हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी. मंडळावर मोठी नावं असली की निर्धास्त होणाऱ्यांनी हे नीट ऐका. सत्यमच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे डीन होते. 16 डिसेंबर 2008 रोजी या मंडळाने अध्यक्षांच्याच कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. मंडळाने अडवलं नाही, बाजाराने अडवलं. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली 5 हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नाही.

पुढचा भाग लोक विसरतात. सरकारने ते मंडळ बरखास्त केलं आणि दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन यांच्यासारखी माणसं आणली. इंजिनियर तेच, इमारती त्याच. एप्रिल 2009 मध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि हजारोंच्या नोकऱ्या वाचल्या. नव्या मंडळाने हे काही महिन्यांत केलं.

आधीच्या मंडळाला दिसलं का नाही? कायद्याने मंडळाच्या वर्षाला किमान 4 बैठका व्हाव्या लागतात. तिथे येणारी कागदपत्रं कोण तयार करतं? ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याचंच ऑफिस. म्हणून हिशेब तपासणारी ऑडिट समिती, अंतर्गत लेखापरीक्षकाशी सीईओच्या अपरोक्ष बोलणं, या गोष्टींना एवढं महत्त्व आहे.

सहकारी बँकेत गणित आणखी वेगळं. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत, आणि जो फक्त ठेवीदार आहे त्याला मतच नाही. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये म्हापसा अर्बनचा आणि 2021 मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द केला, हे आपण बघितलंय. ठेव विम्याची मर्यादा 5 लाख. त्यापेक्षा जास्त रक्कम एका बँकेत असेल, तर संचालक कोण आहेत हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचाराच.

[स्क्रीनवर: वार्षिक अहवालातला उपस्थितीचा तक्ता]

शेअर असतील तर वार्षिक अहवालातला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग उघडा. कोणता संचालक किती बैठकांना आला, ते तिथे छापलेलं असतं. शेअर बाजारातल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे मालकाशी हितसंबंध नसलेले, लागतात. ते मालकाचे जुने स्नेही आहेत का, हे गोव्यासारख्या ठिकाणी दोन फोनमध्ये कळतं. स्वतंत्र संचालकाला सलग दोनच मुदती मिळतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 5 वर्षांची, आणि दुसऱ्या मुदतीसाठी विशेष ठराव लागतो. म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडायला हवीत. ते मत तुम्ही घरबसल्या ई-व्होटिंगने देऊ शकता. वार्षिक सभेची नोटीस किमान 21 दिवस आधी येते, बहुतेक ई-मेलवर. डीमॅट खात्यात तुमचा जुना ई-मेल असेल, तर तो आजच बदलून घ्या.