तिकिटं हलवणारी स्क्रिप्ट लिहिताना

सोलापुरातून इंजिनिअर होऊन पुण्याला गेलेल्या मुलाला पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी तिकीट, म्हणजे करायच्या कामाची नोंद, भेटतं. बग (सॉफ्टवेअरमधली चूक) असो, नवं फीचर असो, प्रत्येक कामाची नोंद जिरा, गिटहब किंवा अझूर डेव्हऑप्स अशा कामं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर असते. ती हाताने भरता भरता मुलं कंटाळतात, आणि कोणीतरी सांगतं, ‘एपीआय आहे की, स्क्रिप्ट लिही.’ एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायचं दार, आणि स्क्रिप्ट म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. जरूर लिहा. पण एका मिनिटात शेकडो नोंदी बदलण्याची ताकद हातात आली की काय सांभाळायचं, ते आज मला सांगायचं आहे.

समजा, अझूर डेव्हऑप्सवरचे ३५० उघडे बग पुढच्या स्प्रिंटमध्ये (टीमने आखलेल्या कामाच्या ठराविक काळात) ढकलायचे आहेत. आधी क्वेरी, म्हणजे हव्या त्या नोंदींचा शोध, चालवायची. तिच्यातून फक्त क्रमांक मिळतात, मजकूर नाही. मजकूर वेगळा मागवावा लागतो, एका वेळी जास्तीत जास्त २०० नोंदींचा. म्हणजे इथे दोन खेपा. मग बदल पाठवायचा तो ‘जेसन पॅच’ या ठरलेल्या पद्धतीने : कुठलं फील्ड (नोंदीतला रकाना), काय करायचं, नवं मूल्य काय.

इथे थोडं थांबू या. तुमच्या स्क्रिप्टने बग वाचला आणि ती बदल पाठवणार, तेवढ्यात टेस्टिंगच्या ताईंनी तो बग तपासून त्याचं स्टेटस बदललं. आता स्क्रिप्ट जुन्या माहितीवर नवा बदल लादणार. ताईंनी अर्धा तास घालवून काढलेला निष्कर्ष डावलून बग पुढच्या स्प्रिंटमध्ये जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. याला उपाय त्याच पद्धतीत आहे. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक असतो आणि दर बदलाला तो वाढतो. विनंतीत पहिलीच ओळ ‘टेस्ट’ची टाकायची : आवृत्ती अजून ७ असेल तरच पुढे जा. ती ८ झाली असेल तर सर्व्हर पूर्ण विनंती नाकारतो. मग नोंद पुन्हा वाचायची आणि पुन्हा ठरवायचं. ही एक ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि माझ्या मते दुसऱ्याच्या कामाचा मान राखणारी तीच ओळ आहे.

बदल जतन न करता नुसता तपासून बघायचीही सोय तिथे आहे. पहिल्यांदा तशीच चालवा.

जिरात वेगळी गोष्ट. स्टेटस हे साधं फील्ड म्हणून बदलता येत नाही. त्या क्षणी कोणती ट्रान्झिशन (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायची ठरलेली पायरी) उपलब्ध आहे ते विचारून तीच करावी लागते. मुलांना ही कटकट वाटते, मला ती योग्य वाटते. टीमने ठरवलेली वाट स्क्रिप्टलाही चालावी लागते. गिटहबवर इश्यूंची, म्हणजे तिथल्या तिकिटांची, यादी मागवली की त्यात पुल रिक्वेस्टही (कोडमधला बदल सामील करून घ्यायच्या विनंत्या) येतात, त्या गाळून घ्या. तिथे टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) वापरून तासाला साधारण ५,००० विनंत्या करता येतात. टोकन नसेल तर फक्त ६०.

आता आपल्याकडचं उदाहरण. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर दिलंय असं धरा. अकाउंटंटची मेल येते : बिलावर गठ्ठ्यांची संख्या चुकते. मेलवरून तिकीट तयार करणं, ग्राहकाचं नाव लावणं, तेच तिकीट आधीपासून उघडं आहे का ते शोधणं, हे सगळं खुशाल स्क्रिप्टवर सोपवा. प्राधान्य मात्र माणसाने ठरवावं. माल भरून ट्रक फाटकाशी उभा आहे आणि बिलाशिवाय निघू शकत नाही, हे त्या मेलमध्ये लिहिलेलं नसतं. ते फोनवर कळतं.

आणि स्क्रिप्ट स्वतःच्या खात्यातून कधीही चालवू नका. तिला वेगळं खातं द्या, लागतील तेवढेच अधिकार द्या, टोकन कोडमध्ये लिहू नका. बग माणसाने बंद केला की स्क्रिप्टने, ते मग इतिहासात स्पष्ट दिसतं, आणि कारखान्यातून विचारणा आली तर कोणाला विचारायचं ते तुम्हाला माहीत असतं.