हुकूमशहा गेल्यानंतरचे पहिले वर्ष

नमस्कार मंडळी.

हुकूमशाही कोसळली की सगळ्यांचे डोळे निवडणुकीच्या तारखेकडे लागतात. मतदान हवेच. पण नागरिकांचे हक्क पुढे टिकणार की नाही, हे बरेचदा मतपेटीबाहेरच्या किचकट कामांवर ठरते.

पहिली घाई कागदपत्रांची. जाता जाता गुप्त पोलीस फायली नष्ट करतात आणि त्यांच्यासोबत पुरावाही जातो. पूर्व जर्मनीत हे ओळखून ४ डिसेंबर १९८९ रोजी एरफुर्ट शहराच्या नागरिकांनी स्टासी या गुप्त पोलीस यंत्रणेचे तिथले कार्यालय ताब्यात घेतले. १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनच्या मुख्यालयात शिरले. तरीही फाडलेल्या कागदांची सुमारे १६,००० पोती उरली. १९९१च्या कायद्याने ज्याला त्याला आपली फाईल पाहण्याचा हक्क दिला, मात्र त्रयस्थांची खासगी माहिती झाकून. ही काळजी घेतली नाही, तर पीडितांचीच दुसऱ्यांदा बदनामी होते.

जुन्या राजवटीतल्या अत्याचाऱ्यांना माफी द्यायची का, हा प्रश्न याहून अवघड. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने ती सरसकट दिली नाही: गुन्ह्यामागे राजकीय हेतू हवा आणि कबुली पूर्ण हवी. सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. पण माफी न मिळालेल्यांवरचे खटले बहुतांशी चाललेच नाहीत, आणि ही त्या देशातल्या पीडित कुटुंबांची आजही खरी जखम आहे. खटल्याची भीती नसेल, तर कबुली द्यायला कोण पुढे येईल?

ट्युनिशियाचे उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. हुकूमशहा गेल्यानंतर तिथे आलेली २०१४ची राज्यघटना उत्तम होती. निवडणुकीनंतर वर्षभरात १२ सदस्यांचे घटना न्यायालय, म्हणजे राज्यघटनेचे पालन होते का हे तपासणारे न्यायालय, नेमायचे होते: चार संसदेने, चार न्यायव्यवस्थेच्या परिषदेने, चार राष्ट्रपतींनी, आणि कायद्याने याच क्रमाने. संसदेत एकेका नावाला २१७ पैकी १४५ मते लागत. पक्षांच्या भांडणात एकच नाव मंजूर झाले आणि पुढचे सगळे अडले. कोंडी फोडायची तरतूदच परिणामकारक नव्हती.

२५ जुलै २०२१ रोजी राष्ट्रपती कैस सईद यांनी राज्यघटनेतले आणीबाणीचे कलम ८० वापरून संसद गोठवली. त्याच कलमानुसार ३० दिवसांनी संसदेचे सभापती किंवा ३० खासदार घटना न्यायालयाकडे दाद मागू शकत होते. न्यायालयच नव्हते, तर दाद कुठे मागणार? २०२२ साली जनमताने नवी राज्यघटना आली. तिच्यात त्या न्यायालयाचे नऊही सदस्य राष्ट्रपतींच्या आदेशाने नेमायचे आहेत.