पंचवीस डिसेंबर कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की आमच्या मंडळ्यांमधल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांच्या मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो. २५ डिसेंबर हा मुळात सूर्यदेवाचा दिवस, बायबलमध्ये ही तारीख कुठेच नाही, तेव्हा खऱ्या ख्रिस्ती माणसाने नाताळ पाळू नये. मग रविवारची उपासना सुटली की पोरं पाळकांना दारातच गाठतात. त्यांचा प्रश्न मनापासूनचा असतो. 'आपले वाडवडील पाळत आले, तुम्हीही पाळा' एवढ्यावर त्यांची बोळवण करू नये.

जे खरं आहे ते आधी मान्य करू या. बायबलमध्ये तारीख नाहीच. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, एवढंच शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो. रोमचा बादशहा ऑरेलियन याने इ.स. २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्य' या देवाचं मंदिर उभारलं. पुढे ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात २५ डिसेंबरला त्या 'अजिंक्या'चा जन्मदिवस नोंदवलेला आहे, आणि त्या दिवशीच्या रथांच्या तीस शर्यतीही. पण श्रोतेहो, त्याच संग्रहातल्या दुसऱ्या यादीत, त्याच तारखेला, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला अशीही नोंद आहे. कोणी कोणाची तारीख घेतली? काही अभ्यासक म्हणतात, ख्रिस्ती लोकांनी सूर्याची घेतली. दुसरे म्हणतात, प्रभूचं मरण २५ मार्चचं धरायचे, गर्भधारणाही त्याच दिवशीची मानली, आणि तिथून नऊ महिने मोजले. मला दुसरी बाजू बळकट वाटते. पण आज मी पहिलीच धरून चालतो. समजा, तारीख सूर्याचीच होती. तरी नाताळ पाळावा का? माझं उत्तर आहे, पाळावा.

का, ते सांगण्यासाठी मला तुम्हाला चौदाशे वर्षं मागे न्यायचं आहे. ही गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून सावकाश सांगतो.

रोममध्ये तेव्हा पोप होते पहिले ग्रेगरी. त्यांनी ऑगस्टीन नावाच्या मठवासीयाला चाळीसेक माणसं बरोबर देऊन इंग्लंडला पाठवलं. हे हिप्पोचे प्रसिद्ध संत ऑगस्टीन नव्हेत, हे दुसरे. इ.स. ५९७ मध्ये ही मंडळी इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंटच्या किनाऱ्याला लागली. तिथला राजा एथेलबर्ट जुन्या देवांना भजणारा. त्याची राणी बर्था मात्र फ्रँक, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, राजघराण्यातली, ख्रिस्ती. राजाने पाहुण्यांना भेट दिली ती उघड्यावर. घरात भेटलो आणि यांनी काही जादूटोणा केला तर, अशी त्याला धास्ती होती. आणि हे लोक कसे आले? पुढे चांदीचा क्रूस, फळीवर रंगवलेलं प्रभूचं चित्र, आणि तोंडाने प्रार्थनेचं गाणं. राजाने त्यांना कँटरबरीत राहायला जागा दिली, आणि पुढे स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

चार वर्षांनी, ६०१ साली, ग्रेगरींनी मदतीला आणखी माणसं पाठवली. त्यांचा प्रमुख मेलिटस. त्यांच्याबरोबर राजाला एक पत्र दिलं, तारीख २२ जून. त्या पत्रात राजाला सांगितलं होतं की मूर्तिपूजा मोडून काढ, देवळांच्या इमारती पाड. कडक हुकूम! माणसं निघाली. आणि ती फ्रँकांच्या मुलुखात, वाटेतच असताना, ग्रेगरींचं मन पालटलं.

विचार करा. तेव्हा ना तार, ना फोन. राजाला द्यायचं पत्र माणसांच्या झोळीत, माणसं वाटेवर, आणि इकडे रोममध्ये हा वयस्क, आजारी माणूस तोच विचार मनात घोळवतो आहे. चार आठवडेही झाले नाहीत तोवर त्यांनी मेलिटसच्या मागे दुसरं पत्र धाडलं. सुरुवातीलाच म्हणतात, तुम्ही निघाल्यापासून प्रवासाची काही खबर नाही, आम्हाला काळजी लागून राहिली आहे. आणि मग सांगतात, ऑगस्टीनला भेटाल तेव्हा त्याला सांगा, मी पुष्कळ दिवस विचार करून या निर्णयाला आलो आहे. देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, पण देऊळ राहू द्या. पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा. इमारत मजबूत असेल तर तीच खऱ्या देवाच्या सेवेला लावा. लोकांना आपली ओळखीची जागा तशीच उभी दिसली, तर ते तिथे मोकळ्या मनाने येतील.

आणि पुढे सणाची गोष्ट आहे, ती नीट ऐका. हे लोक आपल्या देवतांपुढे बैल कापतात. मग त्यांचा सण काढून घेऊ नका, त्याच्या जागी दुसरा द्या. ख्रिस्ती मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी, हुतात्म्यांच्या स्मरणाच्या दिवशी, त्यांनी मंदिराभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालावेत, जनावर कापून आनंदाने जेवावं, आणि सगळं देणाऱ्या देवाचे आभार मानावेत. बैल तोच, पंगत तीच. आता कोणासाठी, ते बदललं. कारण ग्रेगरींनी सांगून ठेवलं आहे, ज्याला उंच चढायचं तो पायरीपायरीने चढतो, उड्या मारून नव्हे.

हे पत्र बीड नावाच्या मठवासीयाने ७३१ साली पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात उतरवून ठेवलं, म्हणून आपल्याला वाचायला मिळतं. हुकूम सुटल्यावर, महिना उलटायच्या आत, एवढ्या अधिकाराचा माणूस तो फिरवतो, तेही परक्या, अनोळखी लोकांच्या सणाची कदर करून! मी हे पत्र वाचतो तेव्हा मला ग्रेगरींबद्दल फार आदर वाटतो.

पुन्हा सांगतो: दिवस पूर्वी कोणाचा होता, एवढ्यावर थांबू नका. आज तो कोणासाठी पाळता, ते पाहा.

धोका नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पाचव्या शतकात पोप लिओ यांना नाताळच्याच उपदेशात रोमच्या ख्रिस्ती लोकांना बोलावं लागलं होतं, कारण संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेलेली माणसं मागे वळून उगवत्या सूर्याला वाकत होती. लिओंनी त्यांना खडसावलं. पण नाताळ बंद केला नाही.

बंद केला तो पुढे प्युरिटन, म्हणजे इंग्लंडातल्या कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी. १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाताळ रद्द केला. त्या वर्षी कँटरबरीत, हो, त्याच कँटरबरीत, मेयरने नाताळच्या दिवशी दुकानं उघडी ठेवण्याचा हुकूम काढला आणि गावात दंगल झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. आणि श्रोतेहो, १८१३ मध्ये मुंबईला आलेलं अमेरिकन मराठी मिशन पाठवणाऱ्या मंडळाचं ठाणं त्याच मॅसॅच्युसेट्समधलं, बोस्टनचं. पुढे ते मिशन अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला गेलं. आज त्याच नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात. दिवाळीचंच फराळ. करंजीचं सारण तेच, मुरड तीच. त्याने कोणाच्या विश्वासाला बाध आला?

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि अभंग, कीर्तन टाकून दिलं नाही. वारकऱ्यांचा अभंग त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी ठेवला, आजही आपण तो गातो. जाता जाता बोलतो, मंडळ्यांमधून ख्रिस्ती कीर्तन हद्दपार होत चाललं आहे, त्याचं मला दुःख आहे. ड्रम आणि कीबोर्ड हवेत तर असू द्या, पण चिपळ्या का गेल्या? आणि चांदणीचा कंदील! बांबूच्या कामट्या सुतळीने बांधायच्या, खळ करायची, पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा, कोपऱ्यात सुरकुती पडली की पुन्हा ओला करायचा. आता दुकानातून प्लास्टिकची चांदणी येते आणि मुलांच्या बोटांना खळ लागत नाही. असो.

झाडाबद्दल विचारतात तेही सांगून टाकतो. बायबलमधल्या यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात रानातलं झाड तोडून सोन्यारुप्याने मढवतात असं आहे, ते ख्रिसमस ट्रीविरुद्ध म्हणून दाखवतात. पुढच्या ओळी वाचा. तिथे कारागीर लाकडाची मूर्ती घडवतो आहे, तिला बोलता येत नाही, चालता येत नाही. ते मूर्तीबद्दल आहे. नाताळच्या झाडापुढे आपल्यापैकी कोणी हात जोडत नाही.

आता ज्यांना पाळायचा नाही, त्यांच्याबद्दल. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो, एक जण एखादा दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. म्हणजे न पाळणाऱ्यालाही जागा आहे. तुमच्या घरातला एखादा मुलगा म्हणाला, मी पाळणार नाही, तर त्याच्याशी भांडू नका, त्याला मंडळीत तोडून बोलू नका. त्यानेही घरच्यांना मूर्तिपूजक म्हणू नये. पौलाने दोघांनाही तेच सांगितलं आहे.

पाळकांना माझी विनंती आहे. यंदा तरुण संघाची बैठक घ्याल तेव्हा ग्रेगरींचं मेलिटसला लिहिलेलं पत्र मराठीत करून वाचून दाखवा. फार मोठं नाही, काही मिनिटांत होतं. त्यापाठोपाठ रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचा, मग पोरांना बोलू द्या, अडवू नका. आणि त्या दिवशी कामट्या, सुतळी, कागद आणि खळ तिथेच ठेवा.

नमस्कार.