दक्षिणेची खिडकी आणि बोटभर माती

मंडळी, आधी एक कबुली. माझ्या हातून आजवर किती तुळशी गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण बहुतेक मार्गशीर्षात गेल्या. तुळशीचं लग्न थाटात व्हायचं आणि महिनाभरात नवरी वाळायला लागायची. घरात सगळे म्हणायचे, थंडी बाधली. मलाही पटायचं, म्हणून मी अजून एक तांब्या ओतायचो. एकदा वाळलेलं रोप उपटून पाहिलं. मुळं काळी पडलेली, बोटाला चिकटत होती आणि मातीला गटाराचा वास. रोप कुजून मेलं होतं.

पुण्याची थंडी ती केवढी! पहाटे १०-१२ अंश, दुपारी पुन्हा घाम. कोथिंबीर, मेथी यांना हे दिवस मानवतात. तुळस आणि कढीपत्ता मात्र आखडून बसतात. वाढ मंदावली की मुळं पाणीही कमीच ओढतात, आणि आपण मे महिन्याच्या सवयीने रोज ओततो. कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळली तर घाबरून खत घालू नका. फेब्रुवारीत फुटेल तो.

आता उजेड. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आत येत नाही. डिसेंबरच्या अखेरीला मात्र तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो, दुपारीसुद्धा क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो आणि ऊन तिरपं होऊन खोलीत शिरतं. लोक दक्षिणेला उगाच नावं ठेवतात. हिवाळ्यात कुंड्यांसाठी तिच्यासारखी जागा नाही. उत्तरेच्या खिडकीत या दिवसांत थेट ऊन येतच नाही. अर्थात, समोर रीडेव्हलपमेंटचे बारा मजले उभे राहिले असतील तर दक्षिण असून नसून सारखीच.

कोथिंबिरीचं जरा सविस्तर सांगतो. वाण्याकडचे धणे चालतात, फक्त भाजलेले किंवा जुनाट नकोत. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर धणे पसरा आणि लाटणं अगदी हलक्या हाताने फिरवा. कट् असा आवाज येतो आणि धण्याच्या दोन फोडी होतात. जोर लावलात तर धणेपूड होईल, ती आमटीत घाला. फोडी रात्रभर भिजवायच्या, सकाळी वीतभर खोल कुंडीत पेरायच्या, वर अर्धा इंच माती. मग वाट बघायची. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, गारठ्यात दोन आठवडेसुद्धा. नवव्या दिवशी माती उकरून ‘आलं का काही’ बघणारे असतात, मी त्यातलाच. उकरू नका. रोपं उपटून दुसरीकडेही लावू नका. सोटमूळ दुखावलं की ती बसतात. दाट झाली तर मधली मधली खुडून पोह्यांवर घाला.

पुदिन्याला एवढे लाड नाहीत. मंडईतून जुडी आणा, पानं चटणीला, जाड दांडे पाण्यात. मुळं फुटली की वेगळ्या कुंडीत, कारण तो शेजाऱ्याची जागा खातो. पानांचा ओवा जाड पानांत पाणी धरून ठेवतो, त्याच्याकडे थोडं दुर्लक्षच बरं. गवती चहा घरात आणायच्या भानगडीत पडू नका, त्याला गच्चीच हवी.

पाणी कधी घालायचं, हे तुम्ही विचारणारच. ही तुळशीची कुंडी मी मुद्दाम आणली आहे, जरा मागेपर्यंत फिरवा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. वर भुसभुशीत, कोरडी. आत अजून गार ओल लागते ना? हिला मी चार दिवसांपूर्वी पाणी घातलंय. आज नाही घालणार.