आ करा बघू, आजी

[टॉर्चचा उजेड, उघडलेलं तोंड, एकदम जवळून]

हा लाल भाग बघा, वरच्या जबड्याच्या आत. आणि त्याची कड बघा, कोणीतरी पेनाने आखून घेतल्यासारखी. जेवढ्या जागेवर कवळी बसते तेवढंच लाल, पलीकडे सगळं नॉर्मल. म्हणजे ही कवळी बहुतेक रात्रीसुद्धा तोंडातच असते, आणि बुरशीला काय, ऊब पाहिजे, ओल पाहिजे, नीट न घासलेली जागा पाहिजे, सगळं आयतं मिळालं. आजींना विचारलं दुखतं का, तर म्हणाल्या नाही हो. खरंय, यात बऱ्याच जणांना दुखत नाहीच, म्हणून तर कोणी उघडून बघत नाही.

टॉर्च धरलाय सिस्टरनी. ओठ बाजूला केलाय डेंटिस्ट मॅडमनी. साधी फ्रेम वाटेल, पण खाटेवरच्या आजी-आजोबांच्या तोंडाच्या काळजीवरच्या आमच्या अख्ख्या शूटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची फ्रेम हीच, कारण या दोघी एकाच खाटेपाशी एकाच वेळी सहसा सापडत नाहीत. सिस्टर दिवसभर खाटेपाशी असतात पण दातांचं त्यांना ट्रेनिंगमध्ये जेमतेम शिकवलेलं, मॅडमना दातांचं सगळं कळतं पण त्यांची खुर्ची दुसरीकडे, आणि ज्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात ते त्या खुर्चीपर्यंत जाणार कसे. मग तोंड कोणाच्याच ड्युटीत नाही. बीपी घेतात, शुगर बघतात, पाठीला जखम झालीय का तेही वळवून बघतात, तोंडाच्या रकान्यात मात्र नुसती टिक. (टिक म्हणजे गॉजचं कापड तोंडात फिरवलं, बास. हे सिस्टरनीच हसत सांगितलं, आम्ही नाही.)

[कागदावर पेन]

हा कागद मात्र दोघींचा. आठ गोष्टी आहेत यावर. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २, ० म्हणजे ठीक, २ म्हणजे बिघडलेलं. दात काढता येणाऱ्यालाच हे जमतं असं काही नाही, मुळात डेंटिस्ट नसलेल्या माणसाने भरायचा म्हणूनच तो बनवलाय. सिस्टर भरतात, काही बिघडलेलं दिसलं की मॅडमना निरोप.

[बेसिन, कवळी, ब्रश]

आता हे नीट बघा. बेसिनमध्ये आधी नॅपकिन अंथरला, वर थोडं पाणी, कारण ओली कवळी हातातून सटकते आणि नुसत्या बेसिनवर पडली की दोन तुकडे. पेस्ट नाही लावायची, ओरखडे पडतात आणि त्याच ओरखड्यांत घाण बसते. साधा साबण. उकळतं पाणी तर अजिबात नाही, आकार बदलतो, मग टोचते, मग आजी घालतच नाहीत, मग आपण म्हणतो त्या नीट जेवत नाहीत. मॅडम घासतायत ती आतली बाजू, जी टाळूला चिकटते ती. बाहेरची चकाचक करणारे खूप असतात. रात्री स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही. आणि हो, नाव घाला तिच्यावर. सगळ्यांच्या कवळ्या एकाच ट्रेमध्ये धुतल्या की पुढे काय होतं ते सांगायला नको.

[आजोबांनी ब्रश दातांत पकडलाय, सोडत नाहीयेत]

हे आजोबा. विसरभोळेपणा पुढे गेलाय, ब्रश आत गेला की चावून धरतात. सिस्टर ओढायला गेल्या तर मॅडमनी हाताने थांबवलं, राहू दे म्हणाल्या. तो ब्रश तिथेच, जबडा आपोआप थोडा उघडा राहिला, आणि दुसऱ्या छोट्या मऊ ब्रशने त्या आतून घासायला लागल्या. बघा, हिरडी आणि दात मिळतात तिथेच, कारण हिरड्या खाली सरकल्यावर दाताचं मूळ उघडं पडतं आणि ते भराभर किडतं. पेस्ट वाटाण्याएवढीच. खाट वर केलीय, हनुवटी किंचित खाली, म्हणजे पाणी घशात जाऊन ठसका लागत नाही. सिस्टर समोरूनच आल्या, डोळ्यांच्या पातळीला, मागून नाही. हे मात्र मॅडम सिस्टरकडून शिकल्या.

असंच आणखी एकदा. एका पेशंटचा दात काढायचा होता, मॅडमची तयारी झाली होती. सिस्टरनी औषधांचा चार्ट पुढे केला, रक्त पातळ करायची गोळी आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चाललेलं औषध, ज्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. चार्ट नसता तर? त्याच चार्टवर तोंड कोरडं पाडणाऱ्याही दोन-तीन गोळ्या निघाल्या. लाळ कुठे गेली त्याचं उत्तर तिथे होतं. गोळ्यांचं काय करायचं ते फिजिशियन ठरवणार, ते त्या दिवशी नव्हते, त्यामुळे तो भाग आमच्याकडे नाही.

तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जपानमधल्या ११ नर्सिंग होमचा २ वर्षांचा अभ्यास आला होता, एका गटाचे दात जेवणानंतर तिथला स्टाफ घासायचा आणि आठवड्यातून एकदा डेंटल टीम यायची, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्क्यांना, ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात १९ टक्क्यांना.

[कवळी काढल्यावर आजी तोंडावर हात धरतात. इथे निवेदन नाही, पूर्ण शॉट जाऊ द्या.]

[शिफ्ट बदलते, दोन सिस्टर, एक वही]

"४ नंबरच्या आजी, वरची कवळी रात्री काढायची. पेल्यात ठेवलीय, नाव आहे. टाळूला मलम दिवसातून चारदा. मॅडम गुरुवारी येतायत."

"कवळी काढू देतील का त्या?"

"दिवा बंद करून विचार. देतात."