लाकडी नंदी आणि नसलेली सीडी

(हिंगणा रोडवरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा लाकडी नंदी माझ्या मुलीचा आहे. तान्हा पोळा झाला, आता तो माळ्यावर जायचा होता, पण आज माझ्या पिशवीतून इथं आला. बाहेरगावच्या मुलांसाठी सांगतो. पोळ्याला खऱ्या बैलांचा मान, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं असे चाकांवरचे नंदी सजवून घरोघरी नेतात. दाराशी आलेल्या नंदीला कुंकू लागतं, पोरांना बोजारा मिळतो. हा खरा आहे का, असं कोणी त्याची शेपटी ओढून विचारत नाही. आज ज्या डिस्कबद्दल बोलायचंय ती अशीच आहे: प्रत्यक्षात नसलेली, पण सर्व्हरला, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या कॉम्प्युटरला, खरी वाटणारी सीडी. फरक एवढाच, की या नंदीला शेतात जावं लागत नाही. त्या डिस्कला नांगर ओढावाच लागतो.

सर्व्हरच्या पाठीमागे नेटवर्कची दोन-चार तोंडं असतात आणि बऱ्याचदा त्यांच्यापासून जरा बाजूला आणखी एक. त्या एकामागे मदरबोर्डवर बसलेला वेगळाच छोटा कॉम्प्युटर आहे. पूर्ण नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, बोलताना बीएमसी. (मुंबईवाल्यांनी हसू नये.) डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयलो. बऱ्याच बोर्डांवर तैवानच्या एस्पीड कंपनीची चिप असते. त्यांच्या एएसटी२५०० मध्ये ८०० मेगाहर्ट्झचा एकच एआरएम कोअर आहे. तुमच्या खिशातला फोन त्याला सहज लोळवेल. पण त्याचा एक गुण फोनकडे नाही. सर्व्हर बंद असला तरी केबलमधून वीज येतेय तोवर हा जागा असतो. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी अशा कंट्रोलरशी बोलायचं आयपीएमआय नावाचं मानक आणलं, तेव्हापासून ही जमात वाढत गेली. पंखे, तापमान, चालू-बंद, दूरवरून स्क्रीन पाहणं, हे सगळं तुम्हाला पुस्तकात मिळेल, म्हणून सोडतो.

मला रस आहे तो व्हर्च्युअल मीडियात, म्हणजे दुरून लावलेल्या खोट्या ड्राइव्हमध्ये. सर्व्हर मुंबईत, आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, नागपुरात तुमच्या लॅपटॉपवर, आणि सर्व्हरला वाटतं की आपल्या यूएसबीला सीडी ड्राइव्ह लावलाय. कसं वाटतं त्याला?

बीएमसीच्या चिपमधून एक यूएसबीची वाट थेट सर्व्हरच्या यूएसबी कंट्रोलरपर्यंत बोर्डवरच गेलेली असते. बाहेर वायर नाही, काही नाही. तुम्ही 'कनेक्ट' दाबलं की बीएमसी त्या वाटेवर मास स्टोरेज यंत्र (पेन ड्राइव्हसारखं साठवणीचं यंत्र) म्हणून उभा राहतो. सर्व्हर विचारतो, तू कोण? ही एससीएसआयची, म्हणजे डिस्कशी बोलायच्या जुन्या भाषेची, इन्क्वायरी आज्ञा. उत्तरातल्या पहिल्या बाइटमध्ये यंत्राचा प्रकार असतो: ० म्हणजे साधी डिस्क, ५ म्हणजे सीडी. बीएमसी ५ म्हणाला, की झाला तो सीडी ड्राइव्ह. मग सर्व्हर ३१ बाइटची एक चिठ्ठी पाठवतो. तिच्या सुरुवातीला यूएसबीसी अशी चार अक्षरं आणि पोटात आज्ञा, की अमुक क्रमांकाच्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठरावीक मापाचा तुकडा) इतके सेक्टर दे. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा. १६ व्या सेक्टरवर सीडी००१ ही खूण सापडली, की सर्व्हर मानतो, ही आयएसओ ९६६० ची, म्हणजे फाइल मांडायच्या ठरलेल्या पद्धतीची, सीडी. बीएमसीकडे स्वतःचं काहीच नसतं. तो क्रमांक नेटवर्कवरून तुमच्या लॅपटॉपकडे पाठवतो. लॅपटॉप क्रमांकाला २०४८ ने गुणतो, फाइलमध्ये तिथवर जातो, तेवढे बाइट उचलतो आणि परत पाठवतो. शेवटी १३ बाइटची पोच. एवढाच खेळ. सर्व्हरपुरतं पाहिलं तर ड्राइव्ह म्हणजे विचारलेल्याला मिळणारी उत्तरं. उत्तर देणारा प्लास्टिकचा आहे की हजार किलोमीटरवरचा, हे त्या चिठ्ठीत कुठेच लिहिलेलं नसतं.

सोंग घ्यायचं तर जुन्या खोडीही घ्याव्या लागतात. विंडोज सर्व्हर २००३ बसवताना रेड कार्डचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर द्यायचा तर एफ६ दाबायचं, आणि तो फ्लॉपीतूनच मागितला जायचा. सर्व्हरला फ्लॉपीचं तोंडच नाही! मग बीएमसी फ्लॉपी बनायचा. ८० ट्रॅक, दोन बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट.

याहून गमतीची खोडी सीडीची. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक भाग आहे, जो छोट्या बोर्डाला यूएसबी डिस्क बनवतो. ज्यांच्या मशीनला बीएमसी नाही अशी मंडळी रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर हेच करतात. त्याला सीडी व्हायला सांगितलं, की बरीच वर्षं सुमारे २.२ जीबीच्या पुढची आयएसओ चालतच नसे. हा आकडा आला कुठून? सीडी मुळात गाण्यांची. तिच्यावरचा पत्ता मिनिट, सेकंद आणि फ्रेममध्ये सांगायची पद्धत. सेकंदाला ७५ फ्रेम, मिनिटाला ६० सेकंद, आणि मिनिटाला जागा एकच बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ मिनिटं. गुणा: ११,५२,००० सेक्टर. त्याला २०४८ ने गुणलं की आली आपली भिंत. ज्या फाइलमध्ये एकही गाणं नाही, ती गाण्यांच्या घड्याळापायी अडत होती. पुढे कर्नेलमध्ये ही मर्यादा काढली, पण जुनं कर्नेल असेल तर आजही डोकं आपटाल.

आता नांगराकडे येतो. मे महिना, रात्रीचे अकरा, बाहेर उन्हाचा ताप तसाच, कूलर घरघरतोय. मुंबईकडच्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर मला नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची होती. आयएसओ ४ जीबीची. घरचं इंटरनेट शंभर एमबीपीएसचं, मी म्हटलं सहा मिनिटांचं काम. बाप्पा! इन्स्टॉलर एकेक फाइल अशी उचलत होता, जशी उपासाची साबुदाण्याची खिचडी एकेक दाणा मोजून खातात.

हिशेब करून बघा. सर्व्हर एका वेळी ६४ केबी मागतो असं धरा. उत्तर आल्याशिवाय तो पुढची चिठ्ठी देत नाही. नागपूर-मुंबई जाऊन येऊन ४० मिलिसेकंद धरा. सेकंदाला २५ चिठ्ठ्या, म्हणजे १६०० केबी. ४ जीबीला पाऊण तास, तोही सगळं सुरळीत असेल तर. आणि काही ठिकाणी बूट होताना, म्हणजे सुरू होताना, फर्मवेअर (बोर्डातच भरलेला प्रोग्राम) याहून लहान तुकडे मागतं, तिथं अजून वाट लागते. इथं रस्ता किती रुंद आहे हा प्रश्नच नाही; येरझारा किती, हा आहे. वर फाइल तुमच्या घरून बाहेर जाते, म्हणजे अपलोडचा वेग धरायचा. डाउनलोडचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो, तो इथं कामाचा नाही.

साठ-सत्तर टक्के झाले आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर आडवा. तिकडे सर्व्हरच्या दृष्टीने कोणीतरी चालत्या इन्स्टॉलमध्ये ड्राइव्ह उपटून नेला होता. डिस्कवर अर्धवट सिस्टिम. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखं वागलो. आयएसओ एकदाच त्याच रॅकमधल्या दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवली, एनएफएस शेअर केला, म्हणजे तिथलं फोल्डर नेटवर्कवर उघडलं, आणि बीएमसीला थेट तिथून उचलायला सांगितलं. येरझारा त्याच, पण आता अंतर दोन हातांचं. रेडफिश हे बीएमसीला आज्ञा द्यायचं २०१५ चं मानक आहे, त्यात यासाठी इन्सर्टमीडिया नावाची कृती आहे. पत्ता द्यायचा आणि झोपायला जायचं.

ज्या सर्व्हरला माझी फाइल दिसते सीडी म्हणून, त्याला चोराचीही दिसेल. सप्टेंबर २०१९ मध्ये एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने यूएसबीएनीव्हेअर नावाने काही दोष जाहीर केले. सुपरमायक्रो या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या एक्स९, एक्स१० आणि एक्स११ बोर्डांवर व्हर्च्युअल मीडियाची सेवा टीसीपी पोर्ट ६२३ वर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकत होती. दोषांपैकी एक तर अफलातून होता. लॉगिन करून गेलेल्या माणसाची खूण आतच राहायची, आणि पुढच्याला योगायोगाने तोच सॉकेट क्रमांक (जोडणीला आत मिळणारा क्रमांक) मिळाला, की तो लॉगिनशिवाय आत. म्हणजे लॉजमध्ये आधीच्या पाहुण्याच्या नावावर खोली मिळावी तसं. इंटरनेटवर उघडी पडलेली अशी निदान ४७,००० यंत्रं त्यांना सापडली होती. दुरुस्त फर्मवेअर आलं, पण मला दोषापेक्षा त्या आकड्याचा राग येतो. बीएमसी उघड्या इंटरनेटवर ठेवायचं काऊन? त्याला वेगळं नेटवर्क द्या, व्हीपीएनमधूनच, म्हणजे सुरक्षित खासगी वाटेनेच, जा. जो सीडी लावू शकतो, तो चालू-बंदही करू शकतो, आणि मग तुमच्या डिस्कवर काय बसवायचं ते तोच ठरवतो.

मागून प्रश्न आला, सर्व्हरला कधीच कळत नाही का? विचारलं तर कळतं की! इन्क्वायरीच्या उत्तरात यंत्राचं नावही असतं, आणि बरेच बीएमसी तिथं प्रामाणिकपणे 'व्हर्च्युअल सीडीरॉम' असं लिहून टाकतात. बूट मेन्यूत तेच दिसतं. पोरांच्या नंदीची चाकं जशी कोणी लपवत नाही, तसं.

चला, खाली लॅबमध्ये एक जुना सर्व्हर मांडून ठेवलाय. आधी आयएसओ मुद्दाम माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून जोडतो, मग त्याच स्विचवरच्या मशीनवरून. घड्याळ तुमच्यापैकी कोणीतरी धरा. आणि पहिल्या खेपेला वेळ लागणार आहे, तेव्हा कोणी तरी कँटीनमध्ये तर्री पोहे सांगून या.