जागलीवरचा रेडिओ आणि डिजिटल कुलूप

श्रोतेहो, नमस्कार.

तूर शेंगांवर आली की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरं एका रात्रीत वावर उलथून टाकतात. माळ्यावर घोंगडी, बॅटरी आणि सोबतीला मिडियम वेव्हचा रेडिओ. दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणाचा थर सूर्य मावळला की विरतो, म्हणून रात्री दूरदूरची केंद्रंही लागतात. खरखर असते, पण बोलणं समजतं.

डिजिटल रेडिओत ही खरखर नाही. आवाजाचे आकडे करून पाठवतात, सेट त्यांचा पुन्हा आवाज करतो. आकाशवाणीने त्यासाठी डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडियाल, ही पद्धत घेतली आणि 35 मिडियम वेव्ह प्रक्षेपक तिच्यासाठी तयार केले. वीज कमी लागते, एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम बसतात, पडद्यावर मजकूरही दिसतो. मात्र लहर क्षीण झाली की आवाज हळूहळू विरत नाही, एकदम तुटतो. डोंगराआडच्या गावांनी हे ध्यानात ठेवावं.

आता पैशांचं. आकड्यांच्या प्रसारणाला कुलूप लावता येतं. वर्गणी भरली तरच सेट उघडतो. जुन्या लोकांना आठवेल, रेडिओचं लायसन्स होतं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. पण कोणी नाही भरले तरी आवाज थांबत नव्हता. फरक इथेच आहे.

वर्गणीचा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. वर्ल्डस्पेस ही कंपनी उपग्रहावरून रेडिओ ऐकवायची. कंपनी दिवाळखोरीत गेली, 2009 संपताना भारतातली सेवा बंद पडली आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेले सेट निकामी झाले. अमेरिकेत मात्र सिरियस एक्सएम हा उपग्रह रेडिओ वर्गणीवरच चालतो. तिथे तो मुख्यतः मोटारींमध्ये ऐकतात. आपल्या बैलबंडीवाल्याचा हिशेब वेगळा.

गाण्यांसाठी, क्रिकेटसाठी कोणाला पैसे द्यायचे असतील तर देऊ द्या, माझी काही हरकत नाही. पण हवामान, बाजारभाव, बोंडअळीचा सल्ला आणि विजांचा इशारा यांना कुलूप लागू नये, हे मी कळकळीने सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या शिवारात वीज पडून माणसं जातात. निंदणाला गेलेल्या बायांकडे दरवेळी मोबाइल असतो असं नाही, असला तरी रेंज नसते. डीआरएममध्ये एक सोय आहे: सेट नुसता स्टँडबायवर असला तरी धोक्याचा संकेत आल्यावर तो आपोआप चालू होऊन बोलू शकतो. धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेल्या रेडिओने एवढं केलं, तरी बाया वेळेत घराकडे निघतील.

तेव्हा नवा रेडिओ घ्यायला तालुक्याला जाल, तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. यावर मिडियम वेव्हचं डीआरएम लागतं का? आणि धोक्याच्या संकेताने हा आपोआप चालू होतो का? नाही म्हणाला, तर जुना सेट इतक्यात मोडीत घालू नका.

नमस्कार.